त्वचेच्या वाटेने: डीएनए लस आणि डोंगरातली गावे

[दृश्य: शिवसागर जलाशय. लाँचमधून उतरणारी आरोग्यसेविका, खांद्यावर लसींची पेटी.]

सातारा जिल्ह्यात कोयना धरणाच्या जलाशयाकाठी, तापोळा आणि बामणोलीच्या परिसरात, अशी गावे आहेत जिथे जायचे तर आधी लाँच आणि मग पायवाट धरावी लागते. लसही त्याच मार्गाने जाते. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. पेटीतला बर्फ वितळला तर लस बिघडते, आणि काही लसी तर गोठल्यानेही निकामी होतात, त्यामुळे आरोग्यसेविकेला दोन्ही बाजूंनी जपावे लागते. विषाणूजन्य आजाराविरुद्धची नवी लस किती प्रभावी आहे हे जितके महत्त्वाचे, तितकेच ती या वाटेवर टिकेल का हेही महत्त्वाचे आहे. डीएनए लसीकडे आम्ही याच दृष्टीने पाहतो.

या लसीत विषाणू नसतो, जिवंतही नाही आणि मृतही नाही. त्यात असतो प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचा एक लहान गोलाकार रेणू, आणि त्यावर विषाणूच्या एखाद्या प्रथिनाचे जनुक बसवलेले असते. आपल्या पेशीने हा प्लाझ्मिड आत घेतला की ती स्वतःच ते प्रथिन तयार करू लागते, आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याची ओळख करून घेते. डीएनए हा मुळात टिकाऊ रेणू असल्याने अशी लस उष्णता बऱ्यापैकी सोसते.

[दृश्य: प्रयोगशाळा. सूक्ष्मदर्शकाखाली त्वचेचा छेद.]

सन १९९० मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात जॉन वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या स्नायूत नुसते डीएनए टोचले, तेव्हा त्या जनुकाचे प्रथिन स्नायूत तयार झालेले आढळले. दोनच वर्षांनी दुसऱ्या एका गटाने सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर डीएनए चढवून ते उंदराच्या कानाच्या त्वचेत वेगाने सोडले आणि उंदरात प्रतिपिंडे तयार झाली. उंदरात मिळालेले हे यश माणसात मात्र सहजासहजी मिळाले नाही. प्लाझ्मिडला आधी पेशीचे आवरण ओलांडावे लागते आणि मग थेट पेशीकेंद्रात शिरावे लागते. माणसाच्या स्नायूत साध्या सुईने टोचलेल्या डीएनएपैकी फारच थोडे तिथवर पोहोचते, आणि म्हणून अनेक वर्षे या लसींचा मानवी चाचण्यांतील प्रतिसाद क्षीणच राहिला.

त्वचेचे महत्त्व इथे लक्षात येते. बाहेरच्या जंतूंशी पहिली गाठ त्वचेची पडते, त्यामुळे तिच्यात पहारा कायम जागता असतो. वरच्या थरात लँगरहान्स पेशी असतात, ज्यांचे वर्णन पॉल लँगरहान्स यांनी १८६८ मध्येच केले होते, आणि खालच्या थरात डेंड्रायटिक पेशी असतात. परके प्रथिन दिसताच त्या ते उचलून जवळच्या लसिका ग्रंथीपर्यंत नेतात आणि तिथल्या लढाऊ पेशींना दाखवतात. स्नायूत अशा पेशी तुलनेने विरळ असतात.

त्वचेत लस देणे आपल्याकडे नवे नाही, हे आवर्जून सांगायला हवे. नवजात बाळाच्या डाव्या दंडावर दिली जाणारी बीसीजी त्वचेतच दिली जाते. पोलिओच्या इंजेक्शनचा ०.१ मिलीलिटरचा डोसही त्वचेतच देतात, आणि तो पूर्ण डोसच्या फक्त एक पंचमांश असतो. पाटण किंवा जतच्या उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेच्या हाताला हे कौशल्य अवगत आहे. सुई त्वचेला जवळजवळ समांतर धरून बारीक फुगवटा उठेल अशी लस सोडणे हे वाटते तितके सोपे काम नाही.

[दृश्य: सुईविरहित उपकरणाचे प्रात्यक्षिक.]

२० ऑगस्ट २०२१ रोजी भारताच्या औषध महानियंत्रकांनी अहमदाबादच्या झायडस कॅडिला कंपनीच्या ‘झायकोव्ह-डी’ या कोविडविरोधी लसीला आपत्कालीन वापराची परवानगी दिली. माणसांसाठी मंजूर झालेली ही जगातील पहिली डीएनए लस ठरली. सुमारे २८ हजार स्वयंसेवकांवरील चाचणीच्या अंतरिम निष्कर्षांत, लक्षणे असलेल्या कोविडविरुद्ध तिची परिणामकारकता ६६.६ टक्के आढळली. ती सुईने दिली जात नाही. स्प्रिंगच्या जोरावर चालणारे एक उपकरण द्रवाची अतिशय बारीक धार त्वचेत सोडते, आणि त्या दाबाने डीएनए पेशींमध्ये शिरायला मदत होते. साठवणीसाठी २ ते ८ अंश तापमान सांगितले असले, तरी २५ अंशांवरही ती किमान तीन महिने टिकल्याचे कंपनीने नोंदवले आहे, आणि डोंगरातल्या गावांच्या दृष्टीने आम्हाला हीच बाब सर्वांत मोलाची वाटते.

उणिवाही तितक्याच स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. या लसीचे सुरुवातीला तीन डोस ठरले होते, २८ दिवसांच्या अंतराने, आणि प्रत्येक वेळी दोन्ही दंडांवर. दूरच्या वाडीत एका माणसाला तीनदा गाठणे हे मोठेच काम आहे. ऊसतोडीसाठी घर सोडून गेलेले कुटुंब दुसऱ्या डोसला भेटेलच असे नसते.

डीएनए म्हटले की आपल्या वंशसूत्रांत बदल होईल का, ही शंका लोक विचारतात, आणि ती विचारणे रास्तच आहे. प्लाझ्मिड पेशीकेंद्रात जातो, परंतु त्याची रचना गुणसूत्रांपासून वेगळे राहण्यासाठी असते. त्यात शरीरात स्वतःच्या प्रती काढण्याची सोय नसते आणि तो कालांतराने नष्ट होतो. शिवाय वरच्या त्वचेच्या पेशी साधारण महिनाभरात झडून नव्या येतात.

विजेचे सूक्ष्म झटके देऊन पेशींचे आवरण क्षणभर सैल करण्याची पद्धतही प्रभावी ठरली आहे, मात्र तिला खास यंत्र लागते आणि ती काहीशी वेदनादायक असते. त्वचेत विरघळणाऱ्या सूक्ष्म सुयांच्या पट्टीवरही प्रयोग सुरू आहेत, ज्यात लस कोरड्या स्वरूपात असते. जिथे वीज सतत जाते अशा उपकेंद्रांसाठी यंत्रापेक्षा स्प्रिंगचे उपकरण किंवा अशी पट्टीच अधिक सोयीची ठरेल, असे आमचे मत आहे. आणि त्यांच्या चाचण्या आखताना शहरातल्या रुग्णालयांबरोबर लाँचने गाठायच्या गावांचाही समावेश व्हायला हवा.