जेरी राइस : झेलाच्या आधीचे कसब

श्रोतेहो, अमेरिकन फुटबॉलमधल्या वाइड रिसीव्हरविषयी, म्हणजे कडेने धावत जाऊन फेकलेला चेंडू झेलणाऱ्या खेळाडूविषयी बोलताना आपण त्याचा वेग आणि त्याचे झेल यांतच रमतो. पण जेरी राइसची कारकीर्द पाहताना मला ठामपणे वाटत आले आहे की, त्याचे खरे कर्तृत्व चेंडू हातात येण्याच्या आधीच्या दोन-तीन सेकंदांत आहे.

मिसिसिपीतल्या क्रॉफर्ड या लहान गावात, गवंड्याच्या घरी तो वाढला. वडिलांच्या हाताखाली काम करताना भावांनी फेकलेल्या विटा झेलून आपले हात तयार झाले, असे त्याने सांगितले आहे. मिसिसिपी व्हॅली स्टेट विद्यापीठाकडून त्याने विक्रम रचले, तरी ‘पुरेसा वेगवान नाही’ हा शेरा पुसला गेला नाही, आणि १९८५च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ क्रमाने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, त्याच्याआधी दोन रिसीव्हर निवडले गेले. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी मात्र न्यू इंग्लंड संघाशी सौदा करून सोळाव्या क्रमांकावर त्याला घेतले.

वॉल्श यांचा खेळ छोट्या, अचूक वेळ साधणाऱ्या पासेसवर उभा होता. त्यातला स्लँट हा रूट, म्हणजे रिसीव्हरचा ठरलेला धावमार्ग पाहा. रिसीव्हर मोजकी पावले सरळ धावतो, बाहेरचा पाय रोवतो आणि तिरपा आत शिरतो. तो मान वळवतो तेव्हा क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या हातून चेंडू बहुधा सुटलेलाच असतो. इथे अर्धे पाऊल चुकले तरी चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाऊ शकतो. राइसच्या सगळ्या रूट्सची सुरुवात इतकी सारखी दिसे, की बचावपटूला शेवटच्या पावलापर्यंत अंदाज येत नसे. पहिल्या हंगामात त्याच्या हातून बरेच झेल सुटले हे खरे. पण हंगामाबाहेरच्या महिन्यांतही सॅन कार्लोसच्या टेकडीवर चढण धावणारा हा खेळाडू १९८७ साली अवघ्या १२ सामन्यांत २२ टचडाउन झेल, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोहोचून गुण मिळवून देणारे झेल घेऊन मोकळा झाला.

जानेवारी १९८९मधला तेविसावा सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, मला विशेष मोलाचा वाटतो. राइसने त्यात ११ झेलांत २१५ यार्ड मिळवले, म्हणजे चेंडू तेवढा पुढे नेला, आणि तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. तरी सिनसिनाटीविरुद्धचा विजयी टचडाउन त्याचा नव्हता. शेवटच्या ९२ यार्डांच्या चढाईत त्याने तीन झेल घेतले होतेच. निर्णायक क्षणी तो आडवा धावत गेला, बचावाचे लक्ष त्याच्याकडे ओढले गेले आणि अवघे ३४ सेकंद उरले असताना क्वार्टरबॅक जो मॉन्टॅनाने चेंडू दुसरा रिसीव्हर जॉन टेलरकडे दिला. चेंडूला स्पर्श न करताही रिसीव्हर सामना जिंकून देऊ शकतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

१९९७मध्ये राइसच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, तरी तो परतला. पुढे रेडर्स या संघाकडून वयाच्या चाळिशीत सुपर बोलमध्येही त्याने टचडाउन केला. २००५मध्ये निवृत्त होताना त्याच्या नावावर १,५४९ झेल आणि २२,८९५ यार्ड होते. यार्डांच्या यादीत त्याच्यामागे असलेला लॅरी फिट्झगेराल्ड १७ हंगाम उत्तम खेळूनही १७,४९२वर थांबला.