आधी लाईट बिल वाचा, मग सोलरचं बघू

(कोल्हापुरात पर्यावरणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींसमोर केलेलं बोलणं. टाईप करताना थोडं नीट केलंय, बाकी जसं होतं तसंच.)

मागं ऐकू येतंय का? बरं.

आधी एक सांगा, घरचं लाईट बिल पूर्ण किती जणांनी वाचलंय? रक्कम आणि शेवटची तारीख सोडून हं. तीन हात वर आलेत... आता एक खाली गेला. (हशा) म्हणजे दोन. ठीक आहे, मी तुमच्या जागी बसलेलो तेव्हा शून्य होतो.

मी पण पर्यावरणशास्त्रच केलंय, इथंच, २०११ ला बाहेर पडलो. पहिला इंटरव्ह्यू एका सोलरवाल्याकडं होता, त्यानं विचारलं पाच किलोवॅटची सिस्टीम दिवसाला किती युनिट देईल, आणि मी त्याला ग्लोबल वॉर्मिंगवर चार मिनिटं भाषण दिलं, ओझोन पण घातला मध्ये. माणूस भला, त्यानं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाला उद्यापासून मोजायला टेप घेऊन ये. पगार ९ हजार. त्यातले शेवटचे दोन महिन्यांचे अजून यायचेत, पण ते जाऊ दे.

किलोवॅट आणि युनिट ह्यातला फरक आत्ताच मिटवून टाकू. तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी शेती आहे. ५ एचपीची मोटर म्हणजे साधारण पावणेचार किलोवॅट, ती किती ताकदीची ते झालं किलोवॅट, आणि तीच तासभर चालली की जे पावणेचार जळतं ते युनिट. एवढंच. आता सोलर बघा, १ किलोवॅट पॅनेल वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला ४ युनिटच्या आसपास देतं. सरासरी म्हणतोय, कारण एप्रिलमध्ये ते जास्त असतं आणि जुलैमध्ये गगनबावड्याच्या बाजूला आठवडा आठवडा ऊन दिसत नाही तेव्हा गिऱ्हाईक फोन करून विचारतंय की साहेब तुमचं मशीन बंद पडलंय काय. त्याला हे आधीच सांगून ठेवणं हे पण आपलंच काम.

आणि गिऱ्हाईकं आता कमी नाहीत. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ ला आली, १ कोटी घरांचं टार्गेट आहे, १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ आणि त्याच्या वर कितीही लावा ७८ हजार सबसिडी. त्यामुळं गल्लीगल्लीत सोलरवाले उभे राहिलेत. त्यातल्या बऱ्याच जणांना पॅनेल बसवता येतं पण बिल बघून ह्या घराला किती किलोवॅट लागेल हे नीट काढता येत नाही, सरळ तीन ठोकून देतात. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, मंजूर भार म्हणजे घराला किती किलोवॅट मंजूर आहेत ते असतं, स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार सगळं तिथंच लिहिलंय, त्यातलं सोलर लावल्यावर काय कमी होतं आणि काय तसंच राहतं हे ज्याला नीट सांगता येतं त्याला काम मिळतं.

आता माझी एक चूक सांगतो, ती पुस्तकात नव्हती म्हणण्यापेक्षा पुस्तकात होती आणि माझ्याच डोक्यात नव्हती. राजारामपुरीत एक बंगला, मी मे महिन्यात सर्व्हेला गेलो, भर दुपारी साडेबारा, गच्ची तापून तव्यासारखी. दक्षिणेच्या कोपऱ्यात पाण्याची टाकी, स्टँड धरून आठेक फूट उंच. मी बघितलं तर टाकीची सावली गच्चीवर नाहीच, पायाशीच जिरलेली. मग काय, टाकीला खेटून उत्तरेला पॅनेलची लाईन काढून दिली. डिसेंबरमध्ये त्या काकांचा फोन, अहो निम्मंच युनिट पडतंय. जाऊन बघतो तर दुपारी बारालाच पहिल्या दोन पॅनेलवर टाकीची सावली आडवी पडलेली.

झालेलं असं की कोल्हापूर साधारण पावणेसतरा अक्षांशावर, त्यामुळं मेच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडं शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर, नंतर काही आठवडे तर तो थोडा उत्तरेलाच असतो. डिसेंबरमध्ये तोच दुपारी दक्षिणेला ५० अंशावर उतरतो. आठ फुटाच्या टाकीची सावली भर दुपारी पावणेसात फूट जाते, सकाळ संध्याकाळचं तर विचारूच नका. आणि तेव्हाच्या साध्या सिस्टीमला पॅनेल एका माळेत जोडलेले, एकावर सावली पडली की पूर्ण माळच ढिली पडायची. स्ट्रक्चर उचलून दुसरीकडं लावलं, खर्च आमच्या मालकानं केला पण शिव्या मला. तेव्हापासून मी गच्चीवर गेलो की आधी दक्षिणेला काय काय उभं आहे ते बघतो, शेजाऱ्याचा नारळ सुद्धा.

बरं, हे सगळं इलेक्ट्रिकलचा डिप्लोमावाला पोरगा पण करतो, आणि वायरिंग तुमच्यापेक्षा चांगलं करतो. मग आपली डिग्री कुठं कामाला येते? इथं जरा थांबू, कारण कॉलेजात हे कुणी सांगत नाही.

तुम्ही ईआयए म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अभ्यास शिकलाय, त्याचं २००६ चं नोटिफिकेशन पाठ असेल. तर त्यात सोलर पीव्ही म्हणजे पॅनेलवाल्या सोलरला आणि पवनचक्कीला पर्यावरण मंजुरी लागतच नाही, प्रदूषण मंडळाच्या यादीत पण दोन्ही व्हाईट कॅटेगरीत, म्हणजे सगळ्यात कमी प्रदूषणवाल्यांत. हे कळल्यावर मला वाटलेलं की संपलं, आपलं काम नाही इथं. पण मोठ्या प्रोजेक्टला पैसा देणारे जे असतात, परदेशी बँका, फंडवाले, ते सरकारला लागो न लागो, पर्यावरण आणि समाजावर काय परिणाम होईल त्याचा रिपोर्ट मागतातच. जमीन कुणाची, गायरान आहे का, मेंढरं कुठनं जातात, पॅनेल धुवायला पाणी कुठल्या बोअरचं, पक्षी कुठले. विजेची लाईन जंगलातनं गेली तर वनखात्याची परवानगी वेगळी. हे लिहिणारा माणूस इंजिनिअर नसतो, तो तुमच्यासारखाच असतो, आणि चांगला लिहिणारा पटकन सापडत नाही.

पक्ष्यांचं उदाहरण लांबचं नको, साताऱ्याजवळ चाळकेवाडीचा सडा म्हणजे खडकाळ पठार आहे, सगळ्या पवनचक्क्या. तिथं झालेला अभ्यास २०१८ ला नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशनमध्ये छापून आलाय. पवनचक्क्या होत्या त्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी सापडले. मग सरड्यांना खाणारं कोण नाही म्हटल्यावर ते वाढले, निवांत झाले, माणूस जवळ गेला तरी लवकर पळेनात, पण गर्दी झाल्यामुळं अंगानं वाळले. आणि त्या सरड्याचं शास्त्रीय नाव काय माहितीय? सरडा सुपर्बा. वंशाचं नावच मराठी! मला हे इतकं आवडतं की मी प्रत्येक ठिकाणी सांगतो. मुद्दा असा की पवनऊर्जा वाईट असं अभ्यास करणारे म्हणत नाहीत, पण हवेत फिरणारं पातं जमिनीवरच्या सरड्यापर्यंत पोचतं हे ज्याला दिसतं ती नजर तुम्हाला डिग्रीनं दिलेली आहे. सर्व्हेचं काम मात्र रोमँटिक नसतंय, पहाटे पवनचक्कीखाली ठराविक अंतरानं चालत जायचं आणि मेलेला पक्षी, वटवाघूळ दिसलं की फोटो, जीपीएस, वही. दिवसच्या दिवस काहीच सापडत नाही, ते पण लिहायचं.

दुसरं म्हणजे आपल्या दाराशीच असलेलं, कारखाने. सगळे सोलर सोलर करतात आणि आपण साखरेच्या जिल्ह्यात बसलोय. उसाच्या वजनाच्या साधारण २८ ते ३० टक्के बगॅस म्हणजे रस काढल्यावरचा चोथा निघतो, ५ हजार टनाचं गाळप असेल तर रोजचं दीड हजार टन, त्यावर बॉयलर चालतो, को-जनची म्हणजे त्याच वाफेवर कारखान्यात तयार झालेली वीज महावितरणला जाते. प्रेसमड म्हणजे रस गाळल्यावर राहिलेला गाळ, त्यापासून गॅस काढायचं पण चाललंय, त्यासाठी केंद्राची 'सतत' (SATAT) नावाची योजना २०१८ पासून आहे. इथं ईटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट सांभाळायला पर्यावरणवाला माणूस घेतातच. तुम्ही त्या पोस्टवर जा, ईटीपीच्या टाकीशेजारी वास घेत बसा खुशाल, पण हंगामात रोज एक चक्कर बॉयलरकडं मारा. बगॅसमध्ये निम्मं पाणी असतं, ते ओलं झालं की स्टीम कशी पडते हे शिफ्ट इंचार्ज तुम्हाला कुठल्याही कोर्सपेक्षा भारी सांगेल, फक्त त्याला तंबाखू मळून झाल्यावर विचारा.

उद्यमनगर, शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांचं, म्हणजे लोखंड वितळवून ओतणाऱ्यांचं पण तसंच. युरोपनं लोखंड, पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट असल्या मालावर कार्बनचा हिशोब सुरू केलाय, आधी नुसती माहिती द्यायची होती ऑक्टोबर २०२३ पासून, २०२६ पासून पैशाची बाजू लागली. तुमचा माल थेट त्या यादीत असो नसो, बाहेरचं गिऱ्हाईक विचारायला लागतं की भट्टीला वीज कुठली. मालकाला एक्सेलमध्ये हे बसवून देणारं पोरगं पाहिजे असतं.

सॉफ्टवेअरबद्दल सगळे विचारतात म्हणून पटकन सांगतो. क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, शिका. पीव्हीसिस्ट, म्हणजे सोलर किती युनिट देईल ते काढायचं सॉफ्टवेअर, त्याची ट्रायल मिळते. एक्सेल नीट येत नसेल तर आधी तेच. सूर्यमित्र कोर्स चांगला आहे पण तो टेक्निशियनसाठी, आधी पात्रता वाचून घ्या, आयटीआय-डिप्लोमावाल्यांकडं जास्त ओढा असतो. पन्नास हजार भरून "ग्रीन जॉब गॅरंटी" देणाऱ्यांच्या नादाला लागू नका, एवढ्या पैशात तुमच्याच गच्चीवर दोन पॅनेल येतील आणि त्यातनं जास्त शिकाल.

हां, आणि जुनी पॅनेल. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनेल आलेत, १ एप्रिल २०२३ पासून लागू. फुटलेली, गारपिटीत गेलेली पॅनेल आज गोडाऊनच्या मागं पडून असतात. त्याची नोंद ठेवणारा माणूस मला अजून तरी फार ठिकाणी भेटलेला नाही.

प्रश्न विचारा. तिकडं मागं, बोला ताई.

(मुलींना साईटवर पाठवतात का, असा प्रश्न होता.)

पाठवतात, आमच्याकडं पक्ष्यांच्या सर्व्हेला दोघी आहेत आणि त्यांच्या वह्या माझ्यापेक्षा स्वच्छ असतात. पण गोड बोलणार नाही, अडचण आहे. साईटवर बाथरूम नसतं, राहायची सोय गावात कुणाच्या तरी घरी, परतीची गाडी सहाला म्हणून साडेआठला येते. म्हणून इंटरव्ह्यूलाच विचारा, गाडी कुठली, राहायचं कुठं, साईटवर अजून बाई कोण आहे, रात्री उशीर झाला तर फोन कुणाला करायचा. नाव आणि नंबर लिहून मागा. ज्याला ह्या प्रश्नाचा राग येतो त्याच्याकडं जाऊ नका, आणि हे मुलींनाच नाही, तुम्हाला पण सांगतोय, पुढं बसलेल्यांना. मी पहिल्या साईटवर ह्यातलं काहीच विचारलं नव्हतं, कवठेमहांकाळच्या पुढं माळावर एकटा, मोबाईलला रेंज नाही, आणि जेवण कुठं मिळतं हे कळायला दुपारचे चार वाजलेले.