गणिताचा मास्तर, मद्रासचा ग्रंथपाल

(दृश्य : पुस्तकाच्या कण्यावरची चिठ्ठी, अगदी जवळून.)

जानेवारी १९२४. मद्रास विद्यापीठाने आपला पहिला ग्रंथपाल नेमला, तो गणित शिकवणारा. शियाळी रामामृत रंगनाथन, वय ३१. ग्रंथालयाच्या कामाचं शिक्षण काहीच नाही. सामसूम वाचनालयात बसून ते इतके कंटाळले, की काही दिवसांतच परत वर्गावर जाऊ द्या म्हणाले. तडजोड ठरली : आधी लंडनला जाऊन या, मग बघू.

तिथे शिकता शिकता त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथालयं पाहिली. पुस्तकं विषयवार लावायची तेव्हाची रूढ रीत म्हणजे अमेरिकन ग्रंथपाल ड्युईची दशांश पद्धत. तिच्यात विषयांचे आकडे आधीच छापलेले. दोन विषयांच्या सांध्यावरचं पुस्तक आलं, की ते कुठेतरी कोंबायचं. उपाय सुचला तो दुकानातलं मेकॅनो खेळणं पाहून. मोजक्याच पट्ट्या, मोजकेच नटबोल्ट. जोडणी मात्र हवी तशी.

(दृश्य : चिठ्ठीवर हाताने लिहिलेला वर्गांक, म्हणजे पुस्तकाचा विषय सांगणारा आकडा : एल४५:४२१:६.)

'एल' म्हणजे वैद्यक. ४५ फुप्फुसं, ४२१ क्षयरोग, ६ उपचार. मधला कोलन (:) हा नटबोल्ट. अवयव दुसरा असेल तर ४५ तेवढा बदलायचा, बाकीचं तसंच. ही पद्धत १९३३ साली छापून आली.

गोची पुढे झाली. सगळे सांधे एकाच कोलनवर, त्यामुळे कुठला आकडा कशाचा हे कळेना. मग नंतरच्या आवृत्त्यांत स्वल्पविराम आला, अर्धविराम आला. आवृत्ती बदलली की जुनी चिठ्ठी खरवडा, ग्रंथालयाच्या यादीतलं कार्ड बदला, पुस्तक नव्या जागी हलवा. लांबलचक वर्गांक बारीक कण्यावर मावत नाही, तो दोन-तीन ओळींत तोडावा लागतो. शिवाय कपाटात पुस्तकं लावणाऱ्याला आधी स्वल्पविराम की आधी कोलन, हा क्रम पाठ हवा. चुकला की पुस्तक हरवल्यातच जमा. भारतातही बहुतेक ग्रंथालयं ड्युईवरच राहिली, यात नवल नाही. पण विषयाचे पैलू सुटे करून मग जोडायचे, ही त्यांची रीत जगभरच्या वर्गीकरणकारांनी उचलली.

मद्रासमध्ये त्यांनी वाचकांना थेट कपाटापर्यंत जाऊ दिलं. तिथली वीस वर्षं संपवून १९४५ साली ते बनारस हिंदू विद्यापीठात गेले आणि दोनेक वर्षांत सुमारे १ लाख पुस्तकांचं वर्गीकरण स्वतः केलं. त्यानंतर दिल्ली विद्यापीठ. पुढे आयुष्याच्या पुंजीतून १ लाख रुपये मद्रास विद्यापीठाला दिले, ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी. अध्यासनाला नाव पत्नीचं : शारदा रंगनाथन.