चार सिलिंडर, चार सायलेन्सर आणि त्यांतला एक परका

(गाडी स्टँडवर, इंजिन स्लोवर. कॅमेरा मागून, चारही सायलेन्सरच्या तोंडांवर. काही क्षण फक्त आवाज.)

नीट ऐका. दोन ठोके भरदार, दोन दबके. पुन्हा दोन भरदार, दोन दबके. हे मिसिंग नाही, चारही सिलिंडर व्यवस्थित पेटतायत. फरक आहे तो मागे, सायलेन्सरमध्ये.

ही होंडा सीबी ७५० फोर. १९६८ च्या ऑक्टोबरात टोकियोच्या मोटार शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि १९६९ पासून विकली जाऊ लागली. इंजिन ७३६ सीसीचं, म्हणजे एका सिलिंडरच्या वाट्याला १८४ सीसी. प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा कार्ब्युरेटर, स्वतःचा बेंड पाईप, स्वतःचा सायलेन्सर. चार वाटा, पहिल्यापासून शेवटपर्यंत वेगळ्या. पुढे १९७५ च्या सीबी ७५० एफला चार पाईप एकत्र करून एकच सायलेन्सर दिला, तिथे हा प्रश्नच उरला नाही. या गाडीत मात्र एक सायलेन्सर बदलला की फक्त एका सिलिंडरचा श्वास बदलतो.

गाडीवर बसलेल्याच्या डाव्या हातापासून सिलिंडर मोजायचे: १, २, ३, ४. फायरिंगचा क्रम १-२-४-३. दोन्ही बाजूंना एकावर एक असे दोन-दोन सायलेन्सर आहेत. पहिले दोन ठोके डावीकडून बाहेर पडतात, पुढचे दोन उजवीकडून. म्हणून एका बाजूची जोडी बदललेली असेल तर आवाज असा दोन-दोनच्या लयीत लंगडतो. एकच सायलेन्सर परका असेल तर दर चौथा ठोका वेगळा लागतो.

एका बाजूची जोडी बदलण्याचं कारण बहुतेकदा साधं असतं. गाडी आडवी पडते ती एकाच अंगावर. तेवढी बाजू चेपते, आणि मिळेल ते बसवलं जातं. दुसरं कारण गंज. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीचा सायलेन्सर पुरता तापतच नाही, मग ते आम्लयुक्त पाणी तळाशी साचून पत्रा आतून खातं. वरचा क्रोम चकचकीत आणि खालून बोट टेकवलं तर पत्रा दबतोय, असं सर्रास दिसतं.

(क्लोज-अप: सायलेन्सरवरचा उठावदार शिक्का.)

आता शिक्के. सुरुवातीच्या गाड्यांच्या सायलेन्सरवर 'एचएम ३००', नंतरच्या मॉडेलांवर 'एचएम ३४१'. अगदी पहिल्यावहिल्या सायलेन्सरांवर शिक्काच नव्हता. ३४१ हा ३०० पेक्षा जास्त दाबलेला, म्हणजे वायूला जास्त अडवणारा, आणि आवाजाला शांत. त्यानुसार कार्ब्युरेटरही बदलत गेला: पहिल्या गाड्यांत मेन जेट, म्हणजे पेट्रोल मापून सोडणारं बारीक छिद्र, १२० चा, पुढे तो १०५ पर्यंत उतरला. सायलेन्सर आणि जेट यांची जोडी आहे, ती फोडू नये. 'एचएम ३२३' दिसला तर तो सीबी ५०० फोरचा, ४९८ सीसीच्या इंजिनासाठी बनवलेला. इथे त्याचं काम नाही.

शिक्का जुळला म्हणजे आतलं जुळलं असं नाही. नंतर बनवलेल्या नकलांवरही तोच शिक्का असतो. म्हणून चारही सायलेन्सर काढा, एकेक वजनकाट्यावर ठेवा आणि आतल्या पुंगळीचं तोंड व्हर्नियरने मोजा. वरचे दोघं एकमेकांशी ताडा, खालचे दोघं एकमेकांशी. रबरी हातोडीने हलकेच ठोका. आत खुळखुळ झाली तर आवाज दाबणारा आतला पडदा तुटलाय. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीत लवचिक तार शेवटपर्यंत घालून बघा. कुंभारमाशीने मातीचं घर करून वाट बुजवलेली असते आणि दोष कार्ब्युरेटरचा समजून तो मात्र तीनतीनदा उघडला जातो.

परक्या सायलेन्सरने नेमकं काय होतं? तो मूळपेक्षा मोकळा असेल तर वरच्या रेसला त्या सिलिंडरचं मिश्रण बहुधा हलकं पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, प्लग पांढुरका दिसतो. दाबलेला असेल तर जळका वायू पुरता बाहेर पडत नाही, ताजं मिश्रण कमी शिरतं, ताकद उतरते, प्लग काळवंडतो. व्हॅक्यूम गेज (प्रत्येक सिलिंडरची ओढ दाखवणारा काटा) लावून चारही कार्ब्युरेटर समान केले तरी हे जात नाही, कारण ते समान करतो स्लोवर. तेव्हा थ्रॉटल जवळजवळ बंद असतो आणि सायलेन्सरचा परिणाम नगण्य. गेजचे काटे एका रेषेत आणि रस्त्यावर गाडी ओढत नाही, असं झालं की मागे बघा.

पण त्याआधी बाकीचं तपासून घ्या. थंड इंजिनावर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट: इनलेट ०.०५ मिमी, एक्झॉस्ट ०.०८ मिमी. पॉइंटची (ठिणगीची वेळ साधणाऱ्या स्विचची) फट ०.३ ते ०.४ मिमी, प्लगची ०.६ ते ०.७ मिमी. इग्निशनच्या, म्हणजे ठिणगीच्या, जोड्या १-४ आणि २-३ अशा आहेत. १ आणि ४ दोन्ही बिघडले तर दोष पॉइंट, कंडेन्सर किंवा कॉइलकडे. १ आणि २, म्हणजे एकाच बाजूचे, बिघडले तर सायलेन्सरवरचा संशय बळावतो. मग नवे प्लग लावून, मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ४००० ते ५००० आरपीएमवर दोनेक किलोमीटर जा. क्लच दाबून त्याच क्षणी किल स्विच बंद करा, गाडी घरंगळू द्या. प्लग काढून क्रमाने मांडा. स्लोवर घरी आणलेला प्लग काहीच सांगत नाही.

एकाच सिलिंडरचा जेट बदलून ही चूक झाकू नका. पुढचा मेकॅनिक त्यात दिवस घालवेल. चार सारखे मिळत नसतील तर निदान वरची जोडी एक आणि खालची जोडी एक, अशी ठेवा. वरचा खाली बसत नाही आणि डावा उजवीकडे, ब्रॅकेट वेगळे आहेत. जुने पुन्हा क्रोम करून घेताना पत्रा किती उरलाय ते आधी बघा. आम्लाच्या टाकीत पातळ पत्र्याला भोकं पडतात, आणि आत अडकलेलं रसायन महिनाभराने झिरपून नवा क्रोम खातं.

(हात काम करताना. पाना, नवी गॅस्केट.)

बसवताना हेडकडे चारही गॅस्केट नवी. सगळे बोल्ट आधी नुसते बोटाने लावायचे. मग हेडकडून आवळत मागे यायचं, मागच्या फूटरेस्टजवळचे बोल्ट सर्वांत शेवटी. उलट केलं तर पाईप ताणाखाली राहतो आणि थरथरीने ब्रॅकेटला चीर जाते. इंजिन सुरू करण्यापूर्वी क्रोमवरचे बोटांचे ठसे स्पिरिटने पुसा. तेलकट ठसा एकदा भाजला की निघत नाही.

इंजिन थंड असतानाच सुरू करा आणि हेडच्या सांध्यांभोवती उदबत्ती फिरवा. धूर थडथडला तर तिथे गळती आहे. रेस सोडल्यावर मागे फटफट होते ती बहुतेकदा अशाच सांध्यातून आत ओढल्या गेलेल्या हवेमुळे. शंभर किलोमीटर झाले की इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि सगळे बोल्ट त्याच क्रमाने पुन्हा आवळा.

(इंजिन स्लोवर. कॅमेरा पुन्हा मागे. चार सारखे ठोके.)