फ्लोरेन्सला जायचं ते संगमावरून

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय ‘फ्लोरेन्समधली माझी पाच आवडती ठिकाणं’. वेळ पाऊण तास, आणि घड्याळ टांगलंय ते नेमकं माझ्या तोंडासमोर. बघू कसं जमतंय.

आधी एक विचारतो. फ्लोरेन्स बघून आलेले किती जण? बरेच हात दिसतायत. किती वेळ मिळाला? चार तास? मग आपली टूर एकच असणार! त्यातला एक तास टेकडीवरच्या चौकात फोटोला आणि एक तास चामड्याच्या दुकानात. दुकानदार जाकिटाला लायटर लावून दाखवत होता, अस्सल चामडं बघा म्हणून. अहो, कोल्हापूरच्या माणसाला चामडं शिकवतोय! माझ्या पायात चपला होत्या, करकर वाजणाऱ्या. शेवटी तोच खाली वाकून चपला बघायला लागला. उरलेल्या वेळात टूर मॅनेजर झेंडा धरून पुढं पळतोय आणि मागनं आम्ही चाळीस जण, दिंडीसारखे, फक्त अभंग नाहीत. डेव्हिडचा पुतळा मी मोठ्या भक्तिभावानं बघितला तो चौकातला, म्हणजे नक्कल. मायकेलअँजेलोचा मूळ पुतळा 1873 पासून अकादमी नावाच्या संग्रहालयात आहे, हे मला घरी आल्यावर कळलं. तोवर सगळ्या पाहुण्यांना फोटो दाखवून झाले होते.

तेही चाललं असतं. पण बसमध्ये मी विचारलं, ‘आपल्या कोल्हापूरच्या महाराजांची छत्री, त्यांचं स्मारक, कुठं आहे?’ तर टूर मॅनेजर म्हणतो, ‘काका, ते आयटिनररीत नाही.’ हा राग माझा अजून गेलेला नाही, आणि खरं सांगायचं तर आजचं व्याख्यान त्यासाठीच आहे.

म्हणून तीन वर्षांनी आम्ही दोघंच गेलो. ट्रामनं काशिने बागेपाशी उतरलो आणि चालत सुटलो. बाग कसली, नदीकाठानं तीन-साडेतीन किलोमीटर लांब पट्टाच आहे. सौ. म्हणाल्या, एवढ्यात रंकाळ्याला फेरी झाली असती. आणि बाग संपते तिथं, मुन्योने नावाचा ओढ्याएवढा प्रवाह आर्नो नदीला मिळतो तिथं, दगडी छत्रीखाली फेटा बांधलेला, रंगवलेला अर्धपुतळा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज.

इतिहास तुम्हाला ठाऊक आहे, तरी सांगतो. 1870 साल. महाराज वीस वर्षांचे. इंग्लंड बघून, व्हिक्टोरिया राणीला भेटून परतीच्या वाटेवर. या सफरीची त्यांची इंग्रजी रोजनिशी पुढं 1872 साली छापली गेली, जरूर मिळवून वाचा. फ्लोरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. तिथं 30 नोव्हेंबरला महाराज वारले. आता विचार करा बरोबरच्या मंडळींचा. मुलूख परका, भाषा परकी, दहन ही गोष्टच त्या गावाला माहीत नाही. तरी त्यांनी खास परवानगी काढली, आणि जागा कुठली धरली? दोन नद्यांचा संगम! पंचगंगेच्या माणसाला दुसरं काय सुचणार?

छत्री उभी राहिली 1874 साली. आराखडा मेजर मांट यांचा. हो, तेच, कोल्हापुरातला आपला नवा राजवाडा ज्यांनी आखला ते.

आम्ही उभे होतो तिथं एक म्हातारा कुत्रं फिरवत आला. त्यानं पुतळ्याकडं बोट केलं, मग माझ्याकडं, आणि विचारलं, ‘पारेंते?’ म्हणजे नातेवाईक का? मी म्हटलं, ‘लांबचा.’ (हशा) सौ.नी पर्समधून अंबाबाईच्या कुंकवाची पुडी काढली आणि चिमूटभर कठड्यावर ठेवलं. वाऱ्यानं लगेच उडालं ते.

शेजारी तारांवर तोललेला मोठा पूल आहे, 1978 चा. त्याचं नाव ‘इंडियानो’, म्हणजे ‘भारतीय’. आमच्या खात्यात मी तीस वर्षं पूलच बांधले, त्यामुळं तिथं मी अर्धा तास वर मान करून उभा राहिलो. ते आज सांगत बसत नाही.

तर माझा हट्ट एवढाच आहे की फ्लोरेन्समध्ये शिरायचं ते या संगमावरून, नदीच्या उलट दिशेनं चालत. आधी नुसती झाडं, मग घरं, मग एकेक पूल, आणि गर्दी सगळ्यात शेवटी. टेकडीवरून बघितलं की शहर पोस्टकार्डासारखं सपाट दिसतं... चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं? पाच! बरं.

भराभर सांगतो. पहिलं, पोंते वेक्यो, 1345 चा पूल. वरची दुकानं आधी खाटकांची होती. 1593 मध्ये ग्रँड ड्यूकनं त्यांना हलवून सोनार बसवले. 1944 मध्ये जर्मनांनी माघार घेताना शहरातले बाकीचे सगळे पूल उडवले, हा तेवढा ठेवला. शेजारचा सांता त्रिनिता नदीतले जुने दगड काढून परत बांधलाय, तोही बघा.

दुसरं, कॅथेड्रलचा घुमट. बांधणारा ब्रुनेलेस्की, 1420 ते 1436. जमिनीपासून सेंटरिंग, म्हणजे खालून टेकू, न लावता! आम्ही साध्या स्लॅबला बांबूचं जंगल उभं करतो. यानं माशाच्या काट्यासारख्या तिरक्या विटा रचल्या, एकीनं दुसरीला धरून ठेवावं म्हणून. पायऱ्या 463, लिफ्ट नाही. गुडघे असेपर्यंत जाऊन या.

तिसरं, त्याच ब्रुनेलेस्कीचं अनाथालय, ‘इन्नोचेंती’. बाहेर निळ्या गोलांत दुपट्यात गुंडाळलेली बाळं आहेत. ती बघून सगळे पुढं जातात. तुम्ही आत जा. लहान लहान खणांत मोडकी पदकं ठेवलीत. अर्धं पदक बाळाच्या अंगावर ठेवायचं, अर्धं आईनं जवळ ठेवायचं, पुढंमागं ओळख पटावी म्हणून. खणांत अर्धीच आहेत. तिथं माझ्याच्यानं फोटो काढवला नाही.

चौथं, सान मार्कोचा मठ. फ्रा आंजेलिको या चित्रकार भिक्षूनं मठातल्या भिक्षूंच्या एकेका खोलीत चित्र काढलंय, एका माणसानं बघायचं म्हणून. सकाळी जा.

पाचवं? अहो, मघाशी अर्धा तास दुसरं काय सांगत होतो?