वरून खाली : डोंगरतळ्यांकडे जाताना

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, ‘डोंगरातली तळी : पाहावं काय, जावं कसं’. दोन्ही सांगणार आहे. पण मी तीस वर्षं भूगोल शिकवला तो आधी आजोबांचं बोट धरून शिकले होते. म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करते.

आम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारात राहायचो. मी चौथीत असेन. श्रावणातल्या एका पहाटे आजोबांनी मला आणि माझ्या चुलतभावाला उठवलं, एसटीत बसवलं आणि पावागढला, कालिकामातेच्या डोंगरावर नेलं. रोपवे तेव्हा नव्हता, तो 1986 मध्ये आला. आम्ही पायऱ्यांनी चढलो. काकूनं दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली होती, आणि आजोबांच्या पिशवीत एक रिकामी पितळी लोटी होती. आम्हाला वाटलं, देवीचं तीर्थ आणायचं असेल. दर्शन झालं. उतरताना आजोबा दुधिया तळावापाशी थांबले. ढग इतके खाली आले होते की समोरचा काठ दिसत नव्हता. पाणी हिरवट राखाडी, कडेला नारळाच्या शेंड्या तरंगताहेत, आणि एका ओल्या दगडावर नखाएवढा खेकडा. आजोबांनी लोटी बुडवली, भरली आणि आमच्या हातात दिली. म्हणाले, ‘ही घरापर्यंत न्यायची. सांडली तरी चालेल, रिकामी व्हायला नको.’

सगळ्या पायऱ्या उतरेपर्यंत आम्ही आळीपाळीनं ती लोटी धरली. एसटीत ती माझ्या मांडीवर होती, आणि खड्डा आला की माझा परकर भिजायचा. घरी आलो तेव्हा अर्धी उरली होती. आजोबांनी ती मोरीत नळाशेजारी ठेवली, नळाखाली तांब्या भरला आणि विचारलं, ‘या दोघांचं नातं काय?’ भाऊ म्हणाला, ‘दोन्ही पाणी.’ आजोबा म्हणाले, ‘बरोबर. पण लोटीतली आजी आहे, आणि तांब्यातली नात.’ पुढच्या रविवारी ते आम्हाला आजव्याच्या तळ्यावर घेऊन गेले, मधली पिढी दाखवायला.

दुधियाचं पाणी जसंच्या तसं आमच्या नळाला येत नव्हतं, हे तर उघडच आहे. पण आपल्या शहरातून वाहणारी विश्वामित्री नदी पावागढच्या डोंगरात उगम पावते. त्या अंगावर पडलेला पाऊस तिच्या खोऱ्यात उतरतो आणि आजवा त्याच खोऱ्यात आहे. सयाजीराव महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे मातीचं धरण बांधून घेतलं. पाणी नुसत्या उतारानं शहरात आणलं. आज आपल्याला मही नदीचंही पाणी मिळतं, तरी आजव्याचं नातं तुटलेलं नाही. ऑगस्ट 2024 मध्ये पाणी घरात शिरलं तेव्हा आपण सगळे रात्रभर जागून आजव्याची पातळी विचारत होतो. विचारताना आपल्यातल्या कितीजणांनी आजव्याची पाळ पायाखाली घातली होती? हात वर करा. बघा, मागच्या रांगेतले पाच-सहाच.

माझं सांगणं एवढंच आहे की तळ्याकडे वरून खाली यावं. आधी डोंगरावरचं पाणी पाहावं, मग पायथ्याचं, मग घरचं. पावागढासारखी जागा यासाठी दुसरी सापडणार नाही. वर दुधिया, तेलिया, छासिया अशी तळी आहेत. दूध, तेल, ताक; डोंगरानं अख्खं स्वयंपाकघरच मांडलंय. छासियाच्या काठी लकुलीशाचं मंदिर आहे, दहाव्या-अकराव्या शतकातलं. पावागढावरचं सगळ्यात जुनं शिल्लक मंदिर ते. आता विचार करा, एवढ्या उंचावर मंदिर उभं राहिलं, वस्ती राहिली, ती कशाच्या जिवावर? गुजरातचा सुलतान महमूद बेगडा यानं वेढा घातला तेव्हा गड दीड वर्षाहून अधिक झुंजला आणि 1484 मध्ये पडला. इतिहासात आपण तलवारी शिकवतो. मी वर्गात तळी शिकवायचे. पावसाळ्याचं पाणी खळग्यात अडवून ठेवलं नसतं तर गडानं पहिला उन्हाळाही काढला नसता.

बेगड्यानं मग पायथ्याशी चांपानेर शहर नव्यानं वसवलं, आणि आज पायथ्याशी वडा तळाव आहे. त्याच्या काठावर कबूतरखाना म्हणतात ती इमारत उभी आहे. तिथे सकाळी सातला जाऊन बसा. डोंगर पाण्यात उलटा दिसतो, आणि ज्या उतारावरून पाणी खाली येतं तो डोळ्यांसमोर असतो. चांपानेर-पावागढ 2004 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलं. बडोद्याहून पन्नासेक किलोमीटर. तरी आपली माणसं रोपवेनं वर जातात, दर्शन घेतात, खाली येऊन फाफडा खातात आणि परत. देवीचं दर्शन घ्यावंच. मीही घेते. पण दुधियाच्या कडेनं चालताना दहा मिनिटं थांबायला काय हरकत आहे?

एक आडवळण घेते, रागावू नका. डभोईजवळचं वढवाणा तळं डोंगरातलं नाही, पण हिवाळ्यात तिथे पट्टकादंब पक्षी येतात, हिमालय ओलांडून. ते तळंही महाराजांच्याच काळातलं, 1910 चं. शेतीला पाणी मिळावं म्हणून बांधलेलं, आणि 2021 पासून रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत. पक्ष्यांना कालवा कोणी खोदला याच्याशी देणंघेणं नसतं. त्यांना उथळ पाणी आणि शांतता लागते. तिथे गाडीचे स्पीकर लावणाऱ्यांना मी हात जोडून विनंती करत आलेय.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली म्हणे. मग जे सगळ्यात महत्त्वाचं ते आधी.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका डोंगराळ तळ्यावर गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही. नावेत आम्ही नऊजण, आणि नावाड्यानं जॅकेट दिली चार. नातू माझ्या मांडीवर. मी म्हटलं, बाकीची जॅकेट आणा. तो म्हणाला, ‘मावशी, पाणी कमरेएवढंच आहे.’ मी नातवाला घेऊन उतरले. बाकीचे रुसले, सहलीचा विरस झाला म्हणाले. काठावर बसून मी त्यांची नाव परत येईपर्यंत मोजत राहिले, एक ते नऊ, पुन्हा एक ते नऊ. पुढे 18 जानेवारी 2024 ला आपल्या हरणी तळ्यात नाव उलटली. सहलीला आलेली बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. मी शिक्षिका होते. मी किती सहली नेल्या, आणि किती वेळा जॅकेट मोजली नाहीत, ते त्या रात्री आठवत बसले. तेव्हा नावेत बसण्याआधी माणसं मोजा आणि जॅकेट मोजा. एक कमी असेल तर सगळे उतरा. मुलं रडतील, रडू द्या.

दुसरं, मगरी. आजव्यात आहेत, विश्वामित्रीत तर शहराच्या मधोमध आहेत. हिवाळ्यात त्या उन्हाला काठावर येतात आणि लांबून फार सुंदर दिसतात. पाण्याच्या कडेला डबा उघडून बसू नका, भांडी तिथे विसळू नका, मुलांना पाय सोडून बसू देऊ नका. पाळीवर उंच जागी बसा.

तिसरं, वेळ. पावसाळ्यात डोंगर बघायचा, पण पायऱ्यांवर शेवाळं असतं, चपला नकोत, पकड असलेले बूट घाला आणि धुकं दाटलं की कठड्याजवळ जाऊ नका. पक्ष्यांसाठी डिसेंबर-जानेवारी. जंगलातलं तळं पाहायचं तर जांबुघोडा अभयारण्यातलं कडा. तिथे वनखात्याची परवानगी घ्या आणि अंधाराआधी बाहेर पडा. वरचे ओढे, सांडवे, मोऱ्या यांबद्दल नकाशा आणला होता, तो आता उलगडत नाही, दाराशी लावते, जाताना पाहा.

येत्या रविवारी आम्ही पंधरा-वीसजण निघतोय. सकाळी सहाला न्याय मंदिरापाशी जमायचं, आधी दुधिया, मग वडा तळाव, परतताना आजव्याची पाळ. डबा घरचा आणा, आणि प्यायचं पाणी आपल्याच नळाचं भरून आणा. मी ती लोटी आणणार आहे. तिच्या बुडाला एक पोचा पडलाय, पण गळत नाही.