डक्टमधला कोरडा पाइप

मंडळी, सोसायटीच्या सभेत मोरीच्या वासाची तक्रार आली की उपाय ठरलेला असतो: माणूस बोलवा, लाइन साफ करून घ्या. लाइन साफ होते आणि थोड्या दिवसांनी वास परत येतो. कारण पुष्कळदा पाइप तुंबलेला नसतोच, त्याला हवा मिळत नसते. आज मी त्या हवेबद्दलच बोलणार आहे.

बाथरूमच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात साठलेलं पाणी हाच घर आणि गटार यांच्यातला पडदा. 1775 साली अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने संडासाखालच्या वाकड्या पाइपात पाणी अडवण्याच्या युक्तीचं पेटंट घेतलं. आजही आपण त्याच पाण्यावर विसंबून आहोत. हा पडदा साधारण 50 मिलिमीटरचा. वातावरणाचा दाब सुमारे 10 मीटर उंच पाण्याएवढा असतो. म्हणजे पाइपातल्या हवेचा दाब दोनशेव्या हिश्श्याने जरी बदलला, तरी ते पाणी जागेवर राहणं कठीण.

लालबाग-परळच्या चाळींमध्ये हा त्रास फारसा नव्हता. संडास टोकाला, वेगळे. मोरीचं पाणी बाहेरच्या उघड्या नरसाळ्यात नाहीतर खाली गली ट्रॅपवर, म्हणजे गटाराआधीच्या जाळीच्या खड्ड्यावर, पडायचं, त्यामुळे हवेला वाट आपोआप होती. आज तिथे टॉवर उभे आहेत आणि अनेक मजल्यांचं पाणी एकाच उभ्या पाइपातून उतरतं.

ते उतरतं कसं, हे नीट पाहा. पाणी पाइप भरून येत नाही, भिंतीला धरून येतं आणि मधली हवा खाली ओढत नेतं. इतक्या उंचीवरून पडणाऱ्या पाण्याचा वेग वाढतच जातो, असा समज आहे. तसं नसतं, भिंतीच्या घर्षणाने एक-दोन मजल्यांतच तो स्थिरावतो. घोळ होतो तो हवेचा. तेलाच्या डब्याला दुसरं भोक पाडलं नाही तर तेल गचके खात येतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. इथेही वरून हवा आली नाही, तर पाइप ती तुमच्या ट्रॅपमधून ओढून घेतो. वरच्याने फ्लश केला की तुमच्या मोरीत गुडगुड होते ना? ते तुमच्या ट्रॅपमधलं पाणी चाललेलं असतं. त्यानंतर येतो तो वास.

तळाशी नेमकं उलट घडतं. पाइप आडवा वळतो तिथे हवा दाबली जाते आणि वॉशिंग मशीनचा फेस तळमजल्याच्या मोरीतून वर येतो. पावसाळ्यात मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकदम आले, चेंबर भरले, की हवेची खालची वाटही बंद होते. म्हणून तळमजल्याची लाइन उभ्या पाइपाला जोडूच नये, स्वतंत्रपणे चेंबरपर्यंत न्यावी. यात तडजोड नको, कारण तिथे राहणाऱ्यांना दुसऱ्यांच्या घाणीचा त्रास होतो.

आता गच्चीवर चला. उभा पाइप गच्चीच्या वर जाऊन उघडा संपायला हवा. गच्चीवर वावर असेल तर निदान दोन मीटर उंच, आणि खिडक्यांपासून लांब. आपण करतो काय? वॉटरप्रूफिंगच्या वेळी तो कापतो. पत्र्याची शेड टाकली की तो शेडच्या आतच राहतो. डास येतात म्हणून तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधतो. डासांसाठी जाळी जरूर बांधा, आणि ती कचऱ्याने बुजत नाही ना, हेही पाहा. पण पिशवी बांधलीत तर खालच्या प्रत्येक घराचा श्वास कोंडतो.

डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत, मुख्य पाइपाशेजारी एक बारीक पाइप असतो. घराचं काम काढलं की ‘यातून पाणीच येत नाही, उगाच आहे’ म्हणून तो कापला जातो. अहो, तो कोरडाच असायला हवा, तो हवेचा पाइप आहे! हल्ली त्याच्याऐवजी हवा आत घेणारा व्हॉल्व्ह लावतात. तो चांगला आहे, पण हवा बाहेर सोडत नाही. त्यामुळे तळाच्या फेसावर तो उपाय नाही, आणि गच्चीवरचं तोंड तर उघडं हवंच.

हे नुसतं वासापुरतं नाही. 2003 साली हाँगकाँगच्या आमॉय गार्डन्स वसाहतीत 300हून जास्त लोकांना सार्सची लागण झाली. बाथरूममधले कोरडे पडलेले ट्रॅप आणि हवा आत ओढणारे एक्झॉस्ट पंखे हा त्या प्रसाराचा एक मार्ग असल्याचं चौकशीत पुढे आलं. आपणही मे महिन्यात घर बंद करून गावी जातो. निघताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता, वर चमचाभर गोडंतेल. पाणी सावकाश उडतं.

घरी गेल्यावर एक करून पाहा. जाळी काढून ट्रॅपमध्ये टॉर्च मारा आणि वरच्या मजल्यावर फ्लश करायला सांगा. पाणी खाली गेलं तर वरून हवा येत नाही. वर उसळलं तर तळाशी हवा अडकतेय. कमिटीला हेच नेमकं सांगा. आणि रिडेव्हलपमेंटच्या करारावर सही करायच्या आधी, कार्पेट एरियाइतक्याच हक्काने, बिल्डरकडे ड्रेनेजचा नकाशा मागा. त्यात हवेचे पाइप कुठे आहेत आणि तळमजल्याची लाइन वेगळी आहे का, हे विचारा.